खोक्यात अडकलेली गाडी

लाकडी खेळण्यांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुधा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर गहिवराचा, दुसरा अभिमानाचा. गहिवराच्या सुरात सावंतवाडीची चितार आळी, मे महिना, आजोळ आणि भातुकली ही मंडळी ठरल्याप्रमाणे हजेरी लावतात. अभिमानाच्या सुरात परंपरा, आत्मनिर्भरता आणि भौगोलिक मानांकन. या दोन्ही सुरांत एका व्यक्तीला जागा नसते, ती म्हणजे आज खेळणारे मूल. गहिवराच्या लेखात मूल असते खरे, पण ते मूल म्हणजे लेखक स्वतःच असतो आणि लेख लिहिताना त्याची पन्नाशी उलटलेली असते.

म्हणून प्रारंभीच माझे म्हणणे सांगून टाकतो. दुकानांत आणि प्रदर्शनांत आज 'लाकडी खेळणी' म्हणून ज्या गाड्या मांडलेल्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा मुलांसाठी घडवलेल्याच नसतात. खिशात पैसे, मनात थोडी अपराधी भावना आणि प्लास्टिकचा वैताग घेऊन आलेल्या प्रौढासाठी त्या घडवलेल्या असतात. या प्रौढाला पटवण्याचे काम गाडीपेक्षा खोके अधिक चांगले करते. परिणामी सारी कल्पकता खोक्यावर खर्च होते आणि गाडी जागच्या जागी राहते. (खोके हा शब्द २०२२ पासून मराठी राजकारणाने पळवला आहे, इथे पुठ्ठ्याचेच खोके अभिप्रेत आहे.)

गाडीचाच विचार का करायचा? बाहुली न हलताही बाहुली असते. लाकडी आंबा तर न हलण्यासाठीच असतो. गाडीवर मात्र एक बंधन जन्मतःच येते, तिने चालले पाहिजे. न चालणारी गाडी हा रंगवलेला ठोकळा होय, मग तिच्या टपावर कितीही सुबक नक्षी असो. हस्तकलेच्या एका दुकानातून मी एकदा एक लाकडी जीप घेतली होती. पुढचे दिवे, मागे टांगलेले जादा चाक, बॉनेटवरच्या बारीक रेघा, सारे काही जिथल्या तिथे. चाके मात्र फिरत नव्हती, कारण गाडी जोडून झाल्यावर ती सगळीच्या सगळी व्हार्निशमध्ये बुडवून काढली होती आणि आस, भोक, चाक ही तिन्ही एकजीव झाली होती. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की ती 'ठेवायची' आहे, 'चालवायची' नाही. हे उत्तर उद्धटपणाचे नव्हते, प्रामाणिक होते. त्या दुकानाला आपला ग्राहक कोण हे नेमके ठाऊक होते.

लाकडी चाक फिरवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही, हे इथे मान्य केले पाहिजे. एक तर चाके आसाला घट्ट बसवून आस गाडीखालच्या भोकात सैल ठेवायचा, नाही तर आस घट्ट ठेवून चाके सैल. कोणताही मार्ग घेतला तरी कुठे तरी फट ठेवावीच लागते. लाकूड पावसाळ्यात ओल धरते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. उन्हाळ्यात अचूक बसवलेला आस कोकणात आषाढात जाम होतो. जाणता कारागीर म्हणूनच फट जरा जास्त सोडतो, आसाला मेण चोळतो. पण दुकानात गाडी हातात घेऊन हलवून पाहणाऱ्या गृहस्थाला ते चाक डुगडुगताना दिसते आणि तो म्हणतो, फिनिशिंग चांगले नाही. गृहस्थाच्या या एका वाक्याने आजवर किती चांगल्या गाड्या मागे ठेवल्या गेल्या असतील! ज्या गोष्टीमुळे गाडी चालणार, नेमकी तीच गोष्ट तिला विकू देत नाही. घट्ट, चकचकीत, फोटोत देखणी दिसणारी गाडी मग बाजारात टिकते आणि पहिल्याच पावसाळ्यात गाडीपण गमावते. तिची कोणी तक्रारही करत नाही, कारण तोपर्यंत ती शोकेसमध्ये पोहोचलेली असते.

शोकेस ही मराठी मध्यमवर्गाची एक स्वतंत्र संस्था आहे. तिच्यावर कोणी तरी सवडीने प्रबंध लिहायला हवा. सावंतवाडीची खेळणी, कोणाच्या तरी काश्मीर सहलीतून आलेला लाकडी शिकारा, बक्षिसाचे चषक आणि एक परदेशी बाटली या काचेआड वर्षानुवर्षे शेजारधर्म पाळत असतात, आणि घरातल्या मुलाला पहिले वाक्य ऐकू येते ते 'हात लावू नकोस' हे. खेळण्याला हात लावू नकोस असे सांगणारी संस्कृती नंतर खेळण्यांच्या ऱ्हासाबद्दल अश्रू ढाळते, याला काय म्हणावे? पारदर्शक खिडकीचे खोके हा या शोकेसचाच पुठ्ठ्यातला अवतार आहे. आत गाडी तारांनी आवळून बांधलेली. मुलाला ती दिसते, तिला हात लागत नाही.

आता जरा घडणीकडे वळू. लाकडी गाडीचे रूप ठरवते कोण? हस्तकलेची स्तुती करणाऱ्यांना वाटते, कारागिराची कल्पकता. पण कल्पकतेच्या आधी ते हत्यार ठरवते आणि लाकूड ठरवते. बंगळूर आणि म्हैसूर यांच्या दरम्यान असलेल्या चन्नपट्टणची खेळणी लेथवर कातलेली असतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. ही रंगाची पद्धत फिरणाऱ्या पृष्ठभागावरच चालते. म्हणून चन्नपट्टणच्या आराखड्यात जे गोल आहे ते सहज येते : इंजिनाचा बाष्पपात्राचा भाग, धुराडे, चाके, चालकाचे डोके. बस किंवा ट्रक तिथे अवघडून उभे राहतात. आगगाडी तिथे इतकी शोभते त्याचे कारण कोणाचे रेल्वेवरचे प्रेम नव्हे, लेथ आहे. सावंतवाडीचे उलट. तिथे परंपरेने पांगाऱ्याचे लाकूड वापरत. हलके, मऊ, कोरायला सोपे. फळांसाठी ते उत्तम, पण आसाचे भोक अशा लाकडात लवकर रुंदावणार हे उघड आहे. तिथली खरी हुकमत रंगकामावर, चितारी हे नावच ते सांगते. तेव्हा सावंतवाडीची गाडी करायची तर चाक-आसासाठी वेगळे, कठीण लाकूड घ्यावे लागेल आणि रंगाला मोठी सपाट पाठ द्यावी लागेल. म्हणजे बस. एसटीची बस! ठोकळ्यासारखी, सपाट बाजूंची, रंगवायला भरपूर जागा असलेली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत या राज्यातल्या मुलांनी सर्वांत जास्त पाहिलेले आणि सर्वांत जास्त वेळा ओकाऱ्या काढत अनुभवलेले वाहन तेच.

आणि तरीही खेळण्यांच्या दुकानात लाकडी गाडी मागितली की पुष्कळदा समोर येते ती १९३० च्या सुमाराची, टप नसलेली, मोठ्या मडगार्डांची युरोपीय मोटार. ही मोटार आजच्या मुलाने पाहिलेली नाही, त्याच्या बापाने पाहिलेली नाही, ती घडवणाऱ्यानेही पाहिलेली नाही. ती पाहिली आहे फक्त दुसऱ्या लाकडी मोटारींनी. बस आणि रिक्षा अजिबात मिळत नाहीत असे नाही. मिळतात, पण 'आठवण' म्हणून, टपावर गावाचे नाव इंग्रजीत लिहून. ऊस भरलेला ट्रॅक्टर, माणसे लटकलेली टमटम, कचरागाडी, वाळूचा डंपर ही वाहने मुले खिडकीतून डोळे फाडून पाहतात. पण प्रौढाला ती दिवाणखान्यात नको असतात. कचरागाडी कोण भेट देतो?

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे नाव एका खेळण्यातल्या गाडीवरून पडले आहे, हे देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला माहीत असते. त्या गाडीचे पुढे काय झाले याचा विचार मात्र फारसा होत नाही. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीने खेळलेला असतो. ती परत गेल्यावर दासी त्याला मातीची गाडी करून देते आणि तो रडतो. वसंतसेनेला पाझर फुटतो, ती अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. प्रसंग हृद्य आहे याबद्दल वाद नाही. पण नाटककार किती कठोर आहे पाहा. त्या क्षणापासून ती गाडी खेळणे राहत नाही, दागिन्यांचे वाहन होते; आणि तेच दागिने पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून जमिनीवर पडतात. मोठ्यांनी आपले मूल्य खेळण्यात भरले की ते खेळणे मुलाच्या हातून जाते, हे शूद्रकाला कळले होते. आजचे 'हस्तनिर्मित', 'पर्यावरणस्नेही', 'बुद्धिवर्धक' हे शब्द म्हणजे गाडीत भरलेले असेच दागिने.

रोलां बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' या १९५७ च्या पुस्तकात खेळण्यांवर एक लहानसा निबंध आहे. त्यात त्यांनी दोन गोष्टी म्हटल्या. पहिली, बाजारातली खेळणी मोठ्यांच्या जगाच्या छोट्या आवृत्त्या असतात आणि मुलाला निर्माता न ठेवता वापरकर्ता करून टाकतात. दुसरी, लाकूड नाहीसे होते आहे याचे वाईट वाटते. खोक्यांवरचा मजकूर लिहिणाऱ्यांनी दुसरी गोष्ट जणू पाठ केली आणि पहिली सोयीस्कर विसरली. लाकूड ऊबदार आहे, नैसर्गिक आहे, त्याचा स्पर्श मुलाला निसर्गाशी जोडतो वगैरे वगैरे. पण न उघडणारी, न भरता येणारी, न मोडता येणारी लाकडी मोटार मुलाला तितकेच प्रेक्षक बनवते जितके प्लास्टिकची बनवते. लाकूड असणे हा गुण नव्हे. लाकडाचे काय केले हा प्रश्न आहे. ज्या ट्रकच्या हौद्यात चिंचोके भरून ते दुसऱ्या खोलीत ओतता येतात, तो ट्रक पत्र्याचा असला तरी चांगला.

त्याच १९५७ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने खेळण्यातल्या आगगाड्यांवर एक छोटा चित्रपट केला आणि खरे खेळणे व हुबेहूब लघुप्रतिकृती यांत फरक करायला शिकवले. पुढच्याच वर्षी त्यांनी भारत सरकारला एक अहवाल दिला, ज्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय आरेखन संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची स्तुती आहे, पण ती गहिवराची नव्हे. लोट्याला त्यांनी प्रश्न विचारले होते : किती पाणी मावावे, कोणत्या हाताने उचलले जाणार, डोक्यावर की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, आपटल्यावर आवाज कसा येतो, किंमत किती. हे प्रश्न लाकडी गाडीला विचारून पाहा. दोन वर्षांच्या मुठीत ती मावते का? उताराला लावली तर सरळ जाते की डावीकडे वळते? फरशीवर कसा आवाज करते? दोरी बांधून ओढली तर वळणावर उलटते का? चाक निघाले तर घरातले कोणी ते परत बसवू शकेल का? आपल्याकडे हा विचार कधी झालाच नाही असेही नाही. पांगुळगाडा हे तीन चाकांचे वाहन याच प्रश्नांतून आकाराला आलेले आहे. चालायला शिकणारे मूल त्याच्यावर भार टाकणार हे जाणून त्याचा दांडा आणि बूड ठरलेले असते. शिवाय ते मूल त्या गाडीत बसलेले नसते, ते तिला ढकलते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले दोरीने ओढत नेतात तो चाकांवरचा लाकडी नंदी गल्लीतल्या खडीवर, चिखलात, दुसऱ्या नंदीशी टक्कर देत चालायचा असतो आणि चालतो. त्याला खोके नसते, ही गोष्ट मी योगायोग मानत नाही.

पण मी खोक्याचा शत्रू नाही. चांगल्या खोक्याने खेळणे घडवल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमधल्या लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायला परवानगी होती. त्यांनी तिला काडेपेटीत बसेल असा पितळी रोडरोलर करून दिला आणि १९५३ पासून 'मॅचबॉक्स' गाड्या त्या मापात जगभर गेल्या. त्या धातूच्या होत्या, लाकडाच्या नव्हेत, पण मुद्दा वेगळा आहे. तिथे खोक्याचे माप मुलीच्या दप्तराने ठरवले, दुकानाच्या फळीने नव्हे. इटलीच्या एन्झो मारी यांनी १९५७ मध्ये एका लाकडी फळीतून एकमेकांत बसणारे सोळा प्राणी कापले. खेळून झाल्यावर ते पुन्हा चौकटीत बसवायचे, तर तोही एक खेळ. त्या चौकटीला वेष्टन म्हणायचे की खेळणे, हे सांगता येत नाही. आपले खिडकीवाले खोके मात्र उघडतानाच फाटते. ते फाटावे अशीच त्याची रचना असते, कारण त्याचे काम पैसे दिल्याक्षणी संपलेले असते.

त्या खोक्यावर काय लिहिलेले असते तेही वाचण्यासारखे असते. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे किंवा वेष्टन करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत ही माहिती द्यावी लागते आणि ती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की नियमाचे समाधान होते. इतर भाषांना मज्जाव नाही, पण सक्तीही नाही. परिणाम असा की सिंधुदुर्गात घडलेली गाडी पुण्यात विकली जाते आणि मधल्या प्रवासात तिच्यावर मराठीचा एक शब्द उमटत नाही. खोके बांधणाऱ्याचे नाव कायद्याने हवे. गाडी घडवणाऱ्याचे नको. लाकूड कोणते, रंग कोणता, चाक सुटले तर काय करावे, यांपैकी काहीही नाही. हसरे गोरे मूल मात्र आहे.

आणि आता ज्या मुद्द्यावर माझे मित्र चिडतात तो मुद्दा. केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेले आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाची खूण सक्तीची केली. त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या उत्पादनांना या सक्तीतून सूट देण्यात आली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला ही सूट म्हणजे कारागिराचा सन्मान वाटत नाही. त्याचे खेळणे कोणी खेळणार नाही याची ती सरकारी कबुली वाटते. मुलाच्या तोंडाला मानांकन कळत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावता कामा नये असा जो दंडक आहे, तो घशाच्या मापावरून आलेला आहे. आणि घसा हस्तकलेचे चाक व कारखान्याचे चाक यांत भेद करत नाही. लाकूड म्हणजे निर्धोक ही समजूत तर २००७ सालीच निकालात निघाली. त्या वर्षी 'थॉमस' मालिकेच्या लाकडी आगगाड्यांचे, चीनमध्ये बनलेले सुमारे १५ लाख नग रंगातल्या शिशामुळे अमेरिकेत परत मागवावे लागले. लाकूड निर्दोष होते, रंग नव्हता. कारागिराला हवी होती ती सूट नव्हे. त्याच्या गावाजवळ चाचणीची सोय, चाचणीचा खर्च उचलणारी यंत्रणा आणि शिसे नसलेला रंग परवडेल अशा भावात, एवढे हवे होते. ते महाग पडते. सूट फुकट देता येते.

यावर ठरलेला आक्षेप असा की भेटवस्तूंच्या बाजारावरच कारागीर तगला आहे, तो बाजार बंद करून तुम्ही त्याला काय देणार? बाजार बंद करा असे मी म्हणत नाही. शोकेससाठी खुशाल घडवा, पण त्याला शोभेची वस्तू म्हणा, खेळणे म्हणू नका. शिवाय हिशेबाने पाहिले तरी शोकेसचा ग्राहक एकदाच येतो. खेळणाऱ्या मुलाला ट्रकनंतर ट्रेलर हवा असतो, मग क्रेन, मग चाक मोडले म्हणून चाक. ते मूल परत येते. मोडतोड हा खेळण्याचा दोष मानून आपण कारागिराचा कायमचा ग्राहक घालवला आहे.

माझ्या मनातल्या खोक्याचे वर्णन फार लांबवत नाही. जाड तपकिरी पुठ्ठा, खिडकी नाही. उघडून सपाट केले की आतल्या बाजूला घाटाचा रस्ता, एक थांबा आणि एक पूल छापलेला. घडी उलटी घातली की उतार तयार. बाहेर मराठीत गाडी घडवणाऱ्याचे नाव, लाकडाचे नाव, रंगाचे नाव, आणि पावसाळ्यात चाक अडकले तर मेणबत्तीने आस कसा चोळावा याच्या दोन ओळी. आत कापडी पुरचुंडीत एक जादा चाक आणि एक जादा आस. हे शेवटचे सर्वांत स्वस्त आहे. लेथपाशी बसलेल्या माणसाला त्यासाठी वेगळे लाकूडही लागत नाही, उरल्यासुरल्या तुकड्यांत ते होते. मी विचारलेल्या दुकानांपैकी दोघांनी ही कल्पना छान असल्याचे सांगितले. तिसऱ्याने विचारले, जादा चाक दिले तर गिऱ्हाइकाला वाटणार नाही का, की हे मोडणार आहे म्हणून?